शिफारसपत्रांची डॉक्टरकी

सोलापूरहून निघालेली गाडी होटगी जंक्शनला पोचते आणि तेथे लोहमार्गाला दोन वाटा फुटतात. एक वाडीकडे जाते, दुसरी विजापूरमार्गे गदगकडे. गाडीने कोणती वाट धरायची हे डब्यात बसलेला उतारू ठरवीत नाही. रुळांचा सांधा ज्याच्या हाती असतो, तो ठरवतो. उच्च शिक्षणाच्या, त्यातही वैद्यकीय शिक्षणाच्या दारापाशी असाच एक सांधा असतो. तो कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचे उत्तर समाजाला पिढ्यान्‌पिढ्या द्यावे लागते. आज हा प्रश्न एका नव्या आणि वरकरणी अगदी निरुपद्रवी भासणाऱ्या कागदाच्या रूपाने पुढे येऊ लागला आहे. तो कागद म्हणजे डॉक्टराने भावी डॉक्टराला दिलेले शिफारसपत्र.

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीचे गुण आणि प्रवेश परीक्षा एवढ्यावर भागत नाही. त्याने एखाद्या डॉक्टराच्या मागे काही दिवस सावलीसारखे उभे राहून त्याचे काम पाहिलेले असावे, अशी अपेक्षा असते. या प्रकाराला तेथे ‘शॅडोइंग’ म्हणतात. ज्या डॉक्टराची सावली धरली त्याचे पत्र अर्जाला जोडण्याची धडपड मग ओघानेच येते. सगळीच महाविद्यालये असे पत्र मागत नाहीत हे खरे. परंतु ऑस्टिओपॅथी शाखेची अनेक महाविद्यालये डॉक्टराच्या पत्राचा आग्रह धरतात, आणि जेथे आग्रह नाही तेथेही असे पत्र असलेले बरे, ही समजूत पालकांच्या मनात घट्ट बसलेली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ही रीत साहजिकच उचलली. सुट्टीत आजोळी आलेल्या नातवाने मामाच्या किंवा काकाच्या इस्पितळात पंधरा दिवस उभे राहावे आणि परत जाताना आंब्याच्या वडीबरोबर एक पत्रही न्यावे, यात आता कोणाला नवल वाटत नाही.

त्या मुलाचा यात दोष नाही. शिकण्याची त्याची ओढ खोटी म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न त्या कागदाच्या किमतीचा आहे. त्या पत्रात नेमके काय सिद्ध होते? विद्यार्थी वेळेवर आला, शांत उभा राहिला, प्रश्न विचारले, रक्त पाहून भोवळ आली नाही. उभ्या राहिलेल्या माणसाविषयी याहून अधिक काय लिहिता येणार? त्याने कोणाची नाडी पाहिलेली नसते, कोणाची जखम धुतलेली नसते, कोणाच्या उशाशी रात्र काढलेली नसते. म्हणून पत्र लिहिणारा डॉक्टर विशेषणांचा आधार घेतो. मुलगा ‘अत्यंत संवेदनशील’ असतो, मुलगी ‘उपजत सेवाभावी’ असते. पत्रातून निर्विवादपणे सिद्ध होणारी गोष्ट एकच, ती ही की अर्जदाराच्या घराण्याची एखाद्या डॉक्टराशी ओळख आहे.

याच्या शेजारी होटगीतील एखादी मुलगी उभी करून पाहावी. समजा, तिचे वडील रेल्वेत गँगमन आहेत, किंवा होटगीच्या सिमेंट कारखान्यात वा जवळच्या फताटेवाडीच्या औष्णिक वीज प्रकल्पात कंत्राटी कामगार आहेत. घरात कन्नड, शाळेत मराठी. तिच्या आजीला मूत्रपिंडाच्या विकारासाठी वारंवार मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. ही मुलगी पहाटे उठून आजीला गाडीत बसवते, केसपेपरच्या रांगेत उभी राहते, डॉक्टर मराठीत सांगतात ते आजीला कन्नडमध्ये समजावते आणि आजीचे दुखणे मराठीत डॉक्टरांच्या कानी घालते. गोळ्या कोणत्या वेळी, पाणी किती प्यायचे, मीठ का टाळायचे हे तिला तोंडपाठ असते. रोगी आणि वैद्य यांच्यामधला दुवा होण्याचे काम, म्हणजे वैद्यकीचा निम्मा प्राण, ती वयाच्या पंधराव्या वर्षापासून करीत आली आहे. परंतु ती दवाखान्यात उभी असते ती रोग्याच्या बाजूला. डॉक्टराच्या बाजूला उभ्या असलेल्याला पत्र मिळते. रोग्याच्या बाजूला उभ्या असलेल्याला ‘पुढे सरका’ एवढेच ऐकायला मिळते. शिफारसपत्राच्या पद्धतीतील अन्याय एवढ्या एका चित्रात सामावलेला आहे.

येथे आणखी एका व्यक्तीचा विचार कोणी करीत नाही, आणि ती व्यक्ती म्हणजे स्वतः रोगी. तपासणीच्या खोलीत एक अनोळखी तरुण उभा आहे, तो डॉक्टर नाही, परिचारिका नाही, वैद्यकीय विद्यार्थीही नाही. तो कोण, असे विचारण्याचे धाडस पैसे मोजून आलेला रोगी करू शकतो. धर्मादाय खाटेवर पडलेल्या विडी कामगार बाईला ते धाडस कोठून होणार? तिच्या उघड्या पाठीवर, तिच्या खोकल्यावर, तिच्या लाजेवर कोणाचा तरी अनुभव जमा होतो आणि त्या अनुभवाचे पत्र सातासमुद्रापार जाते. तिला कोणी विचारलेले नसते. गरिबाचा देह हा श्रीमंताच्या मुलाचा धडा व्हावा, ही रीत कितीही सौम्य शब्दांत सांगितली तरी सौम्य होत नाही.

शिफारशीचा आणि वैद्यकीचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा त्या साहाय्याला धर्मांतराची अपेक्षा जोडलेली होती. जोशी दांपत्याने ती मानली नाही. तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापून आला, १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या अनोळखी बाईंच्या वाचनात आला आणि त्यांच्या आपुलकीने पुढची वाट खुली झाली. १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलल्या त्या स्वतःच्या पत्राने. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही हे त्यांनी लपवले नाही. आपल्या देशातील बायकांचे दुःख आणि आपला निर्धार एवढाच दाखला त्यांनी पुढे केला. महाविद्यालयाने तो मानला. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. वरिष्ठाच्या शिफारशीला बहुधा एक अट चिकटलेली असते. आनंदीबाईंच्या वेळी ती धर्माची होती, आज ती नात्याची, ओळखीची किंवा पैशाची असते. दुसरी गोष्ट अशी की त्यांच्यासाठी दार उघडले ते एका संस्थेच्या औदार्यामुळे, आणि औदार्यावर एखादी आनंदीबाई पुढे जाते. मागे राहिलेल्या हजारोंसाठी नियम लागतो.

‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहून प्रवेश द्यावा, हे तत्त्व ऐकायला उदात्त आहे. त्याचा इतिहास मात्र उदात्त नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्डसारख्या विद्यापीठांच्या असे ध्यानात आले की केवळ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश दिल्यास स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने आत येतात. उघडपणे ‘ज्यू नकोत’ म्हणणे अडचणीचे होते. तेव्हा चारित्र्याची कसोटी पुढे आली, छायाचित्रे, मुलाखती आणि शिफारसपत्रे यांचे महत्त्व वाढले, आणि परीक्षेने उघडलेले दार सभ्यपणे अर्धे लोटले गेले. गुणांची बेरीज कोणालाही तपासता येते. ‘व्यक्तिमत्त्वा’ची बेरीज तपासणारा आणि करणारा एकच असतो. म्हणूनच प्रस्थापितांना ही दुसरी बेरीज अधिक सोयीची वाटते.

भारतातही हा अनुभव येऊन गेला आहे. तमिळनाडूतील वैद्यकीय प्रवेशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच मुलाखतीच्या गुणदानातील मनमानीवर बोट ठेवले होते. पुढे श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. तेथे लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५०. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. वडील कोण, राहणार कोठले, असले प्रश्न विचारून उमेदवाराला वाटेस लावले जात असे. अजय हसिया खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १३ नोव्हेंबर १९८० रोजी न्यायालयाने सांगितले की मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल. ‘वडील कोण’ हाच प्रश्न शिफारसपत्र अधिक सुसंस्कृत भाषेत विचारते. मुलाखतीत निदान उमेदवार स्वतः समोर असतो. शिफारसपत्रात तर त्याच्याऐवजी त्याची ओळख बोलते.

महाराष्ट्राने तर वशिल्याचे सर्व अवतार पाहिलेले आहेत. १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले आणि देणगीच्या रूपाने वैद्यकीय जागांचा बाजार भरला. शिक्षणसम्राट नावाची नवी जमात उदयाला आली. १९८७ च्या कायद्याने देणगी घेण्यावर बंदी आणली, परंतु बाजार केवळ कायद्याने उठत नसतो. वैद्यकाच्या पदव्युत्तर परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. २००५ च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांत अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मर्यादित मुभा दिली. त्या मुभेचे पुढे काय झाले? २०२४ मध्ये पंजाब सरकारने काका, मामा, आत्या, मावशी यांचे परदेशी वास्तव्यही या जागांसाठी पुरेसे ठरवले. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शुद्ध फसवणूक असल्याचे सुनावून राज्याचे अपील फेटाळले. मामाच्या पारपत्रावर भाच्याला जागा आणि मामाच्या पत्रावर भाच्याला जागा, या दोहोंत फरक तो कितीसा?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. आक्षेप असा की, एका परीक्षेच्या गुणांवर डॉक्टर निवडणे तरी कोठे न्याय्य आहे? २०१६ पासून देशभर एकच प्रवेश परीक्षा सक्तीची झाली. त्या ‘नीट’ने ग्रामीण मुलाला न्याय दिला काय? लातूर आणि कोटा येथील शिकवणी वर्गांची फी कोणाला परवडते? ५ मे २०२४ च्या परीक्षेनंतर तर विश्वासाचा पायाच हादरला. ६७ उमेदवारांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, १५६३ उमेदवारांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले, आणि पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पेपरफुटी देशव्यापी असल्याचा पुरावा नाही म्हणून संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास मात्र २३ जुलै २०२४ रोजी नकार दिला. शिवाय, ७२० गुण मिळवणारा मुलगा रोग्याशी माणुसकीने वागेल याची हमी ती परीक्षा देते काय?

ती देत नाही. परीक्षेला करुणा मोजता येत नाही हे शंभर टक्के खरे आहे. पण शिफारसपत्राला तरी ती कोठे मोजता येते? फुटलेल्या प्रश्नपत्रिकेविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर येऊ शकले, न्यायालयात जाऊ शकले, आकडे मांडू शकले. कारण परीक्षेचा नियम सर्वांना ठाऊक होता आणि तो मोडल्याचे दाखवता येत होते. बंद पाकिटातील पत्राविरुद्ध कोणी कोणत्या न्यायालयात जायचे? सडलेले धान्य फेकून द्यावे. म्हणून तराजूच फेकून सावकाराच्या अंदाजाने माप घेणे शहाणपणाचे नाही. परीक्षा स्वच्छ करणे, शिकवणी वर्गांची सद्दी मोडणे, सरकारी शाळेतील मुलाच्या खडतर वाटेची नियमाने दखल घेणे हा मार्ग आहे. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. ज्या मुलाला डॉक्टराची ओळख नाही त्याच्या बाजूने राज्याने दिलेले ते शिफारसपत्रच म्हणावे. फरक इतकाच की ते उघड आहे, सर्वांसाठी आहे आणि त्याला कोणाचा मामा लागत नाही.

आणि करुणेचे काय? तिचाही मार्ग महाराष्ट्रानेच दाखवलेला आहे. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथील प्रवेश परीक्षेत अनेक वर्षे गांधीविचारावर एक प्रश्नपत्रिका असे. पण सेवाग्रामचे खरे वैशिष्ट्य प्रवेशानंतरच्या शिक्षणात आहे. नव्या विद्यार्थ्याने आश्रमात राहायचे, सफाई करायची, आणि त्याच्या तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तेथील घरे, पाणी, भूक, बाळंतपणे समजून घ्यायची. अलीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सर्वच विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला, त्याचे मूळ अशा प्रयोगांत आहे. करुणा ही घरून आणण्याची शिदोरी नव्हे. ती शिकवावी लागते, आणि तिचा वर्ग गावात भरतो.

जामखेडचा प्रयोग याहून पुढे गेला. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने तेथे काम सुरू केले आणि गावोगावी आरोग्यसेविका तयार केल्या. त्यांतील कित्येक दलित, कित्येक निरक्षर. त्यांची निवड गावाने करायची होती. गावच्या बायकांना जिच्याजवळ मन मोकळे करता येते, ती पुढे आली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सन्मानाचा मोठा वाटा या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या बायकांचा होता. शिफारस कोणी करावी याचे उत्तर येथे उलटे झाले. वर बसलेल्या वैद्याने खाली पाहून पत्र लिहिले नाही. खाली बसलेल्या रोग्यांनी आपल्यातल्या एकीवर बोट ठेवले.

उद्या सरपंचाच्या दाखल्यावर वैद्यकीय प्रवेश द्यावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तसे केले तर महिन्याभरात सरपंचाच्या दारात तीच माणसे रांगेने दिसतील. जेथे कागदाला जागेची किंमत येते तेथे कागद विकला जातो. म्हणून प्रवेशाच्या दाराशी कोणाचेही पत्र नको, डॉक्टराचे नको आणि पुढाऱ्याचेही नको. मात्र दवाखान्याचे दार सर्वांसाठी उघडे हवे. डॉक्टरांचे काम जवळून पाहणे ही चांगली गोष्ट असेल, आणि ती चांगलीच आहे, तर ती मामाच्या मेहेरबानीवर का ठेवायची? प्रत्येक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांनी वर्षातील ठरलेल्या दिवशी परिसरातील शाळांच्या मुलामुलींना बोलवावे. त्यांना तपासणीच्या खोलीत रोग्याच्या अंगाशी उभे करण्याची गरज नाही. लसीकरण कसे चालते, क्षयरोगाचा पाठपुरावा कसा होतो, आशा कार्यकर्ती दिवसभरात किती घरे फिरते, औषधांच्या साठ्याची नोंद कशी ठेवतात, हे पाहिले तरी वैद्यकी म्हणजे काय ते उमजेल. जेथे रोग्यासमोर जायचे तेथे रोग्याची परवानगी त्याच्या भाषेत विचारावी, आणि त्याने ‘नको’ म्हटले तर त्याच्या उपचारात केसभरही फरक पडू नये. या अनुभवाचे प्रशस्तिपत्रक कोणालाही देऊ नये, म्हणजे त्याचा बाजार होणार नाही.

परदेशी महाविद्यालयांचे नियम सोलापुरात बसून बदलता येणार नाहीत, हे उघड आहे. मात्र तेथेही विचार पालटू लागला आहे. ब्रिटनमधील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिषदेने अर्जदारांना सांगितले आहे की अनुभव रुग्णालयातलाच असला पाहिजे असे नाही; वृद्धाश्रमात किंवा अन्यत्र, पगारी वा स्वयंसेवी, माणसांची शुश्रूषा केलेलीही चालते. तेव्हा येथील डॉक्टरांनी निदान आपल्या सहीचा मान ठेवावा. जे पाहिले तेवढेच लिहावे. पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या भाच्याला सेवामूर्ती ठरवू नये. आणि असे पत्र लिहिण्यापूर्वी आपल्या दवाखान्याच्या दाराशी रोग्याचा हात धरून थांबलेल्या एखाद्या मुलीला आत बोलावून तिला काय शिकायचे आहे एवढे तरी विचारावे.

सोलापूरला हे सांगण्याचा अधिकार आहे. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात १९१० मध्ये जन्मले. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, जखमी सैनिकांची आणि खेडुतांची सेवा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच मरण पावले. वैद्यकीय महाविद्यालयात शिरणाऱ्या तरुण कोटणीसांविषयी कोणी शिफारसपत्र लिहिले असते, तर त्यात यातले काय लिहिता आले असते? माणसाची सेवा त्याच्या पदवीनंतर मोजायची असते, आणि ती मोजण्याचा अधिकार रोग्याचा असतो.

होटगीहून पहाटेच्या गाडीत आजीला घेऊन निघालेल्या मुलीच्या पिशवीत केसपेपर असतो, भाकरी असते, पाण्याची बाटली असते. पत्र नसते. ते नसल्यामुळे तिची गाडी दुसऱ्या रुळावर वळणार असेल, तर सांधा चुकीच्या हातात आहे, आणि तो लोकांनी आपल्या हाती घेतला पाहिजे.